खडतर वाटेची सायकल

सायकलस्वाराला एका दिवसाच्या प्रवासात अनेक प्रकारच्या वाटा भेटतात. गाव सोडेपर्यंत डांबरी सडक असते. पुढे मुरमाचा रस्ता लागतो. मग सुटी खडी, गाडीवाटेतील फुफाटा, ओढ्याच्या पात्रातील वाळू आणि अखेरीस घाटाची चढण. शर्यतीची हलकी सायकल सडकेवर वाऱ्यासारखी पळते. परंतु तिची अरुंद चाके खडीत अडखळतात आणि वाळूत रुततात. दूधवाल्याची भक्कम काळी सायकल खडीला जुमानत नाही. परंतु चढण लागताच स्वाराला खाली उतरून ती ढकलावी लागते. या सर्व वाटांवर चालेल आणि चार दिवसांचे सामानही वाहील, अशी सायकल दुकानात मिळते. पण तिची किंमत पुष्कळांच्या आवाक्याबाहेर असते.

अशी सायकल जुन्या सायकलीपासून थोड्या पैशांत जोडता येते. त्यासाठी दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. सायकलीचा प्रत्येक भाग कोणते काम करतो, ही पहिली. आणि हाती असलेला पैसा प्रथम कोणत्या भागावर खर्चावा, ही दुसरी. ज्यांना या गोष्टी कळल्या, त्यांनी भंगारातून किती मोठे काम उभे केले, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस, मरीन नावाचा डोंगराळ परगणा आहे. १९७० नंतरच्या काही वर्षांत तेथील तरुणांना डोंगरातील कच्च्या वाटांवर सायकल चालविण्याचा छंद जडला. शर्यतीच्या नाजूक सायकली त्या वाटांवर टिकेनात. तेव्हा त्यांनी १९३० ते १९५० या काळातील जाड टायरच्या जुन्या, जड सायकली अडगळीतून शोधून काढल्या. त्या अगदी स्वस्तात मिळत. मडगार्ड, शोभेचे पत्रे, स्टँड असे जे जे अनावश्यक, ते ते त्यांनी काढून टाकले आणि सायकली डोंगरावर नेल्या.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर या तरुणांनी शर्यत लावली. ती वाट सुमारे ३.४ किलोमीटर लांब असून तेवढ्यात सुमारे ४०० मीटर खाली उतरते. त्या जुन्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या मध्यभागी, हबमध्ये असे. पायडल उलटे दाबले की तो लागे. उताराच्या तळाशी पोहोचेपर्यंत हब इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर निघू लागे. प्रत्येक फेरीनंतर हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. 'पुन्हा भरणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या उताराला 'रिपॅक' हेच नाव पडले.

एवढी उष्णता कोठून येते, हे साध्या गणिताने समजते. स्वार आणि सायकल मिळून ८० किलोग्रॅम वजन आहे असे मानू. ते वजन ४०० मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे ३ लाख १४ हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळण्याच्या बिंदूपर्यंत तापविण्यास जवळजवळ एवढीच ऊर्जा लागते. तिच्यातील काही भाग वाऱ्याच्या विरोधात आणि खडबडीत वाटेवरील घर्षणात खर्च होतो. उरलेली सारी ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने प्रकट होते. आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरणारी वाट तर पाचशे मीटरांहून अधिक खाली जाते. घाटात ब्रेकवर केवढा भार पडतो, याची यावरून कल्पना येईल.

मरीनच्या तरुणांनी अनुभवावरून सायकल सुधारली. काहींनी हबमधील जुना ब्रेक काढून अधिक जोरकस ब्रेक बसविले आणि त्यांना मोटारसायकलचे दांडे लावले. चढण चढता यावी म्हणून प्रवासी सायकलीचे गिअर जोडले. पुढे १९७७ साली जो ब्रीझ या कारागिराने अशा वाटांसाठीच नवा सांगाडा तयार केला. त्याची ती पहिली सायकल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात आहे. डोंगरी सायकलींचा जो मोठा व्यवसाय नंतर जगभर पसरला, त्याच्या मुळाशी भंगारातील सायकली आणि त्या जोडणाऱ्यांचे ज्ञान होते.

थोड्या पैशांत सायकल जोडू इच्छिणाऱ्याने या उदाहरणातील क्रम ध्यानात ठेवावा. त्या तरुणांनी जुना सांगाडा आणि जाड टायर तसेच ठेवले. बदलले ते ब्रेक आणि गिअर.

प्रथम सांगाडा निवडावा. जुन्या डोंगरी सायकलीचा साधा पोलादी सांगाडा या कामास उत्तम. पोलाद लवचिक असल्याने एकाएकी मोडत नाही, आणि चीर पडलीच तर लहान गावातही ते जोडून देणारा कारागीर भेटतो. चिमटा साधा, एकसंध असावा. स्प्रिंग बसविलेला स्वस्त चिमटा वजनाने जड असतो आणि लवकर ढिला होतो. रंग उडालेला असला तरी चिंता नाही. परंतु नळ्यांचे सांधे बारकाईने पाहावेत. सांध्याजवळ रंगाला केसासारखी रेघ दिसली किंवा खालची नळी सुरकुतल्यासारखी वाटली, तर तो सांगाडा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

सांगाडा सरळ आहे की नाही, हे एका दोऱ्याने कळते. मागच्या चाकाचा आस जेथे बसतो, त्या एका खोबणीला दोरा बांधावा. तो पुढे नेऊन हँडलच्या नळीभोवती वळवावा आणि परत आणून दुसऱ्या खोबणीला ताणून बांधावा. आता सीटची उभी नळी आणि दोरा यांतील अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. दोन्ही अंतरे सारखी असली म्हणजे सांगाडा सरळ आहे. सांगाडा स्वाराच्या उंचीला योग्य असावा, हेही पाहावे. दोन्ही पाय जमिनीवर टेकून सांगाड्यावर उभे राहिल्यास आडवी नळी शरीराला लागता कामा नये.

सांगाड्यानंतर चाके. सायकलीच्या चाकाची रचना मोठी नवलाची आहे. बैलगाडीच्या चाकात जाड लाकडी आरे खालून भार तोलून धरतात. सायकलीचे आरे मात्र बारीक तारेचे असतात. खालून रेटा दिला तर तशी तार सहज वाकेल. म्हणून ते सर्व आधीच घट्ट ताणून ठेवलेले असतात. जमिनीला टेकलेल्या भागातील आऱ्यांचा ताण भाराने थोडा कमी होतो, परंतु पूर्ण नाहीसा होत नाही. त्यामुळे चाकाचा आकार टिकून राहतो. यावरून हे उघड होते की, आरे ढिले असलेले चाक कमकुवत असते. सामान वाहणाऱ्या सायकलीच्या मागच्या चाकाला ३६ आरे असले तर बरे. कारण बहुतेक भार त्याच चाकावर येतो.

एका बाजूचे आरे बोटाने छेडले असता सर्वांतून जवळजवळ सारखाच स्वर निघाला पाहिजे. एखादा आरा बद्द वाजला तर तो ढिला समजावा. चाक फिरताना डावीउजवीकडे हेलकावत असेल, तर दुकानदार त्याचा 'आउट' काढून देतो. रिम जर डावीकडे गेली असेल, तर त्या जागी उजव्या बाजूचे आरे थोडे आवळतात आणि डाव्या बाजूचे तितकेच सैल करतात. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवीत नाहीत. हे काम धीराचे आहे. उतावळ्या हाताने चाक अधिकच वाकडे होते.

टायर हा सायकलीचा जमिनीशी असलेला एकमेव संबंध. १८८८ साली बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेने फुगविलेला टायर तयार केला, तेव्हापासून सायकलीचा प्रवास सुखाचा झाला. टायरमधील हवा भार कसा पेलते, हे पाहण्यासारखे आहे. मागच्या चाकावर १०० पौंड भार असेल आणि हवेचा दाब दर चौरस इंचाला ५० पौंड असेल, तर टायरचा सुमारे २ चौरस इंच भाग जमिनीला टेकतो. दाब २५ पौंडांवर आणला, तर सुमारे ४ चौरस इंच भाग टेकतो. वाळूत आणि फुफाट्यात अधिक भाग टेकणे हिताचे; कारण भार पसरल्याने चाक कमी रुतते. गुळगुळीत सडकेवर मात्र जास्त दाबाचा टायर सहज धावतो. दाब फारच कमी ठेवला, तर दगडावर आपटून रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिरडते आणि फाटते.

अरुंद टायरला कमी दाब सोसत नाही. रुंद टायरला सोसतो. म्हणून २६ इंची चाकाला पावणेदोन ते दोन इंच रुंदीचे टायर लावावेत. त्यांचा मधला भाग जवळजवळ सपाट आणि कडांना उथळ खाचा असाव्यात. खोल, उंच गड्ड्यांचे टायर चिखलात चांगले. पण सडकेवर ते घरघर आवाज करीत स्वाराचे बळ खातात.

आता गिअर. भारतातील साध्या काळ्या सायकलीच्या पुढच्या दातेरी चक्राला बहुधा ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असतात. पायडलाचा एक फेरा पुरा होईपर्यंत मागचे चाक सुमारे २.४४ वेळा फिरते. २८ इंची चाकाचा परीघ सुमारे २.२३ मीटर असतो. म्हणून एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे प्रमाण उत्तम. परंतु चढणीवर एवढे अंतर एका फेऱ्यात कापण्याइतके बळ पायांत नसते. जुन्या डोंगरी सायकलीला पुष्कळदा पुढे २८, ३८ आणि ४८ दात्यांची तीन चक्रे आणि मागे १४ ते २८ दात्यांची सात चक्रे असतात. पुढे २८ आणि मागे २८ असे जोडल्यास पायडलाच्या एका फेऱ्याला चाकाचाही एकच फेरा होतो आणि २६ इंची चाक सुमारे २ मीटर पुढे जाते. पाऊल लहान पडते, म्हणून चढण सोपी वाटते. श्रमाची एकूण बेरीज मात्र कमी होत नाही. प्रत्येक फेऱ्याला बळ कमी लागते आणि फेरे अधिक मारावे लागतात, एवढेच.

तीन आणि सात यांचा गुणाकार एकवीस होतो. परंतु एकवीसही प्रमाणे वेगवेगळी नसतात. पुढे २८ व मागे १४, किंवा पुढे ४८ व मागे २४, या दोन्ही जोड्यांत चाक दोनच वेळा फिरते. म्हणून अधिक चक्रांच्या महागड्या संचाचा हव्यास धरू नये. सर्वांत लहान प्रमाण चढणीस पुरेल आणि सर्वांत मोठे सपाटीस पुरेल, एवढे पाहिले की झाले. गिअर वापरणे हे दुबळेपणाचे लक्षण आहे, अशीही एके काळी समजूत होती. फ्रान्समधील पॉल द व्हिव्ही या गृहस्थांनी डोंगराळ मुलखातून लांबलांबचे प्रवास करून ती खोडून काढण्याचा आयुष्यभर यत्न केला. त्यांचे निधन १९३० साली झाले. आणि 'तूर द फ्रान्स' या विख्यात शर्यतीत नामांकित स्पर्धकांना साखळी सरकविणारे गिअर वापरण्याची मोकळीक १९३७ साली मिळाली.

साखळी जुनी असेल तर ती मोजून पाहावी. साखळीच्या एका खिळीपासून पुढच्या खिळीपर्यंत बरोबर अर्धा इंच अंतर असते. म्हणजे चोवीस कड्यांचे बारा इंच. वापराने खिळ्या झिजतात आणि साखळी लांबते. चोविसाव्या कडीची खिळ बारा इंचांच्या खुणेपुढे एक षोडशांश इंच गेली असेल, तर साखळी बदलावी. ती एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल, तर झिजलेल्या साखळीने दातेही झिजविले असणार. मग फ्रीव्हीलही बदलावे लागते. वेळीच मोजले तर लहान खर्चात भागते.

पायडले बसविताना एक गोष्ट विसरू नये. उजव्या पायडलाचे आटे नेहमीप्रमाणे उजवीकडे आवळतात. डाव्या पायडलाचे आटे उलटे, म्हणजे डावीकडे आवळणारे असतात. फिरता फिरता पायडल आपोआप सुटू नये म्हणून ही योजना आहे. हे ठाऊक नसलेला माणूस जोर लावून आटे बिघडवितो. हब, हँडलची नळी आणि पायडलांचा आस यांतील छर्रे काढून रॉकेलने स्वच्छ धुवावेत, खड्डे पडलेले बदलावेत आणि नवे ग्रीस भरावे. या कामाला पैसा नाममात्र लागतो, वेळ मात्र लागतो. आणि जुन्या सायकलीला नवेपण येते ते मुख्यतः याच कामाने.

सर्वांत अधिक लक्ष ब्रेकवर द्यावे. जुन्या स्वस्त सायकलींच्या रिमा पुष्कळदा चकाकणाऱ्या पोलादी असतात. पावसात त्या ओल्या झाल्या की ब्रेकचे रबर त्यांवरून घसरते. अॅल्युमिनियमच्या रिमेवर ओल्यातही पकड अधिक चांगली मिळते. म्हणून गाठीचा पैसा प्रथम अशा रिमा, नवे रबर आणि नव्या तारा यांवर खर्चावा. रंग, घंटी आणि शोभेच्या वस्तू यांची पाळी शेवटी. ब्रेक पुढे आणि मागे दोन्ही हवेत. वेग कमी होताना भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून पुढचा ब्रेक अधिक जोराने काम करतो. परंतु तो एकटाच आणि एकाएकी दाबल्यास मागचे चाक उचलले जाऊन स्वार पालथा पडण्याची भीती असते. घाट उतरताना वळण येण्यापूर्वीच वेग कमी करावा, ब्रेक सतत घासत ठेवू नये, आणि लांब उतारावर मध्येच थांबून रिमा निवू द्याव्यात. फार तापलेल्या रिमेमुळे ट्यूब फुटल्याचे प्रसंग घडतात.

सायकल शरीराला जुळणे हेही महत्त्वाचे. सीटवर बसून टाच पायडलावर ठेवावी. पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला, तर सीटची उंची योग्य समजावी. पायाचा चवडा पायडलावर ठेवून चालविताना मग गुडघा किंचित वाकलेला राहतो आणि थकवा कमी येतो.

राहिले सामान. पोलादी कॅरिअर सांगाड्याला चार ठिकाणी पक्का बांधावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या दोन पिशव्या लटकवाव्यात. जड वस्तू तळाशी असाव्यात. ओझे जितके खाली, तितका तोल सावरणे सोपे. पिशव्यांचे बंद आऱ्यांत अडकणार नाहीत आणि पायडल मारताना टाच पिशवीला लागणार नाही, हे पाहावे. थोड्या दिवसांच्या प्रवासाला एकूण आठ-दहा किलोग्रॅम सामान पुरेसे होते. त्यात एक जास्तीची ट्यूब, पंक्चर काढण्याचे साहित्य, पंप, पाने, साखळीची खिळ काढण्याचे हत्यार आणि पाणी यांना पहिले स्थान द्यावे.

जोडणी पुरी होताच दूरच्या प्रवासाला निघू नये. प्रथम सर्व सामान लादून घराजवळच पंधरा-वीस किलोमीटर फेरी मारावी. नव्या तारा ताणल्या जातात, आरे आपापल्या जागी बसतात, नटबोल्ट सैल होतात. परत आल्यावर प्रत्येक जोड पुन्हा आवळावा. घराच्या अंगणात सापडलेला दोष पाच मिनिटांत दूर होतो. तोच दोष घाटात प्रकट झाला तर जिवावर बेततो.

अशा रीतीने जोडलेली सायकल दिसायला साधी असते. तिचा रंग फिका असेल, एक पायडल एका सायकलीचे आणि दुसरे दुसरीचे असेल. परंतु तिच्या स्वाराने तिची प्रत्येक खिळ आपल्या हाताने बसविलेली असते. दूरच्या वाटेवर, जेथे दुकान नाही आणि मदतीला माणूस नाही, तेथे साखळी तुटली तर तो हताश होऊन बसत नाही. दोष कोठे आहे, हे त्याला आवाजावरूनच कळते. तो सायकल उलटी करून उभी करतो, पिशवीतून हत्यार काढतो आणि कामाला लागतो. थोड्या वेळाने हात पुसून तो पुन्हा सीटवर बसतो आणि पुढच्या चढणीला लागतो.

स्वाध्याय

१. मरीन येथील उताराला 'रिपॅक' हे नाव का पडले?
२. बैलगाडीच्या चाकातील आरे आणि सायकलीच्या चाकातील आरे यांच्या कार्यात कोणता फरक आहे?
३. एका सायकलीला पुढे ३८ आणि मागे १९ दाते आहेत. चाकाचा परीघ २ मीटर असल्यास पायडलाच्या एका फेऱ्यात ती किती पुढे जाईल?
४. सायकल जोडताना पैसा प्रथम कोणत्या भागांवर खर्चावा? का?
५. घाट उतरताना स्वाराने कोणती काळजी घ्यावी, ते आपल्या शब्दांत लिहा.